कुलपापुढची भिक्षा

“आणि मी आकडा जरासा खाली ओढला, तर?”

बाईजी मठाच्या पायरीवर बसून झोळीची गाठ सोडवत होत्या.

“जरासाच,” मी म्हटलं. “कुणाचं वाईट होणार नाही. झालं तर भलंच होईल.”

“गाठ बसली आहे,” त्या म्हणाल्या. “ओल्या कापडाला मारली की अशी बसते.”

...

माझी मुलगी मुक्ता, नुकतीच रांगायला लागलेली, माझ्या कडेवरून त्या झोळीकडे झेपावत होती. मी तिला आवरत होते, खांद्यावरची पर्स आवरत होते आणि चेहराही आवरत होते. तिन्हींपैकी काहीच धड आवरलं जात नव्हतं.

बाईजी माझ्या आईच्या गुरू. माझ्या नाहीत, असं मी कॉलेजात असताना मैत्रिणींना ठणकावून सांगत असे. आता कुणी विचारत नाही, आणि मीही सांगत नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे, पटवायला अवघड. आठवडी बाजारात जाऊन मी भाव विचारते. तुरीची डाळ, ज्वारी, तांदूळ, तेल, कांदा. घेत काहीच नाही. भाजीवाल्या मला लांबून पाहूनच भाव सांगून टाकतात, म्हणजे मी त्यांच्या मेथीला हात लावायच्या आत पुढे निघून जावं. महिन्यातून एकदा सकाळी लवकर मजूर नाक्यावर जाते आणि तिथे उभ्या असलेल्या बायकांना विचारते, की गेल्या आठवड्यात रोज किती मिळाला. रोज म्हणजे दिवसाची मजुरी. हे सगळं मोबाइलमधल्या फॉर्मात भरायचं. ते शहरातल्या संस्थेकडे जातं. तिथे त्याची एक रेघ निघते, आणि रेघ वर गेली की खाली आली यावर लोक बैठका घेतात.

याच संस्थेचं नाक्यामागे पाळणाघर आहे. दोन खोल्या, एक झोपाळा, दुपारी खिचडी. बायका लेकरं तिथे ठेवतात आणि नाक्यावर येऊन उभ्या राहतात. कडेवर लेकरू असलेल्या बाईला ठेकेदार नेत नाही. तो काही बोलत नाही. नजर पुढच्या बाईवर नेतो, बस.

संस्थेने कळवलं होतं की पैसा कमी पडतो आहे. जिथे मजुरांचा रोज बाजारभावाच्या पुढे गेला असेल, तिथलं पाळणाघर बंद करून ते जास्त गरजेच्या तालुक्यात न्यायचं. आमच्या गावाचं काय ते माझ्या या महिन्याच्या अहवालावर ठरणार होतं. अहवाल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

आणि माझ्या अहवालात रोज भावाच्या पुढे गेला होता.

डाळ चढली होती. तेल चढलं होतं. पण रोज त्याहून जास्त चढला होता. मी बेरीज पुन्हा केली, भागाकार पुन्हा केला, मोबाइल बंद करून चालू केला. उपयोग झाला नाही. माझ्या फॉर्मात नाका सुखात होता.

डोळ्यांना मात्र तो सुखात दिसत नव्हता.

पण माझ्या डोळ्यांचं काय सांगावं? मुक्ता झाल्यापासून मला सगळंच बुडताना दिसतं. ती जास्त वेळ झोपली तर मी तिच्या नाकापुढे बोट धरते. ती हसली तरी, इतकी का हसते आहे, म्हणून तिच्या कपाळाला हात लावून पाहते. अर्थशास्त्रात एम.ए. करताना बाकी बरंच विसरले, एक लक्षात राहिलं. एखाद्या काळजीखोर बाईला काहीतरी वाटणं, हा पुरावा नसतो.

म्हणून मी बाईजींकडे आले होते. पुरावा माझ्याकडे नव्हता. निदान परवानगी मिळावी.

गाठ सुटली. बाईजींनी झोळी झटकली.

“तू विचारायला आली आहेस, की हो म्हणवून घ्यायला?”

मी थोडा वेळ मुक्ताचं टोपडं सरळ केलं.

“हो म्हणवून घ्यायला,” मी म्हटलं.

“बरं. मला भूक लागली आहे. चल.”

...

बाईजींची भिक्षा पाच घरांची. ही त्यांच्या गुरूंनी घालून दिलेली शिस्त, आईने मला लहानपणीच सांगितली होती. घरं ओळीने घ्यायची. काल जिथे संपलं, त्याच्या पुढच्या घरापासून आज सुरुवात. घर निवडायचं नाही. पाचव्या घरानंतर परत फिरायचं आणि झोळीत जे असेल ते, सगळं एकत्र कालवून, एकदाच खायचं.

लहानपणी मला त्या कालवण्याचीच तेवढी शिसारी होती. शिस्तीचा विचार मी कधी केला नव्हता.

त्या दिवशी ओळ नाक्यामागच्या वस्तीत पोचली होती. बाईजी पुढे, मी मागे, मुक्ता कडेवर. चालता चालता मी त्यांना माझी बाजू समजावत होते. म्हटलं, आकडा काही देवाने सांगितलेला नसतो. बायका रोज सांगतात तोही अंदाजाने, कधी मला बरं वाटावं म्हणून वाढवून, कधी नवऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून कमी करून. त्या अंदाजात माझा एक अंदाज मिसळला तर काय बिघडतं? बाईजी ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्यांचं लक्ष रस्त्यावरच्या सांडपाण्याकडे होतं.

पहिलं घर सायकल दुरुस्तीवाल्याचं. त्याच्या सुनेने अर्धी भाकर आणि ठेचा झोळीत टाकला, मुक्ताला पाहून हसली आणि आत गेली.

दुसऱ्या घरात झोळीतल्या वाडग्यात भात आणि वरण मिळालं. वाढता वाढता त्या बाईने मला ओळखलं. तेलाचा डबा कितीला झाला ते मलाच ऐकवलं, आणि तोही अशा सुरात की जणू रात्री बसून मीच तो वाढवला होता. शेजारणीकडे वळून म्हणाली, “हे मॅडम इचारून गेली का दुसऱ्या दिवशी वाढतेच बाई भाव.”

शेजारीण हसली. मीही हसले. मनात म्हटलं, खरंच तसं असेल तर?

तिसरं घर पत्र्याच्या दाराचं होतं. दाराला कुलूप.

मी पुढे निघाले. काही पावलं गेल्यावर लक्षात आलं की मागून चपलांचा आवाज येत नाही.

बाईजी त्या दारापुढे उभ्या होत्या.

“बाईजी, कुलूप आहे.”

“दिसतंय.”

त्यांनी हाक दिली. आधीच्या दोन घरांपुढे दिली होती तशीच, त्याच आवाजात. “भिक्षा वाढ, माय.”

...

समोरच्या ओट्यावर एक कोंबडी होती. तीही थांबून बघायला लागली.

मला अवघडल्यासारखं झालं. गल्लीत कुणी पाहत तर नाही ना, म्हणून मी इकडेतिकडे नजर टाकली. शिकलेली बाई, कडेवर पोर, एका कुलपाकडे भिक्षा मागणाऱ्या म्हातारीची वाट पाहत उभी. बाईजींनी झोळीचं तोंड उघडलं. कुलपापुढे धरलं. दुसऱ्या दारांपुढे धरलं होतं तितकाच वेळ धरलं. मग मिटून घेतलं, हात जोडले आणि पुढे निघाल्या.

मला वाटलं, वय झालं.

चौथ्या घराचं दार उघडं होतं. उंबऱ्यात एक वयस्क बाई गुडघे धरून बसली होती. बाईजींना पाहून ती उठायला लागली आणि अर्ध्यातच पुन्हा बसली.

“आज चूल नाई पेटली, बाईजी,” ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता म्हणाली.

मी तिला ओळखलं. गोकर्णाबाई. हिवाळ्यात नाक्यावर मी तिला रोज विचारला होता, तर ती म्हणाली होती, आधी तुम्हाला किती मिळतो ते सांगा मॅडम, मग मी सांगते. सगळ्या बायका हसल्या होत्या. मीही तिला माझा आकडा सांगून टाकला होता, आणि त्या जास्तच हसल्या होत्या.

बरेच दिवस ती नाक्यावर दिसली नव्हती. कुठे तरी कायमचं काम मिळालं असेल, असं मी धरून चालले होते.

बाईजींनी तिच्यापुढेही झोळी उघडी धरली. मला ते क्रूर वाटलं. गोकर्णाबाईला तसं वाटलेलं दिसलं नाही. तिने झोळीच्या काठाला नुसता हात लावला आणि तो कपाळाला लावला. बाईजी पुढे निघाल्या.

पाचवं घर देवकाचं. हीही नाक्यावरचीच, तरुण, काटक. त्या दिवशी बांधकामाला सुट्टी होती, म्हणून घरी होती. तिने एक भाकर आणि वांग्याची भाजी वाढली आणि मुक्ताच्या हातात शेवेचे दोन तुकडे ठेवले. मी ते पटकन काढून घेतले. देवकाने माझ्याकडे पाहिलं.

आता परत फिरायचं.

पण पुढच्याच घरापुढे मांडव होता. बारसं. त्या घरची बाई आम्हाला पाहून ताट घेऊनच धावत आली. पुऱ्या, शिरा, वर काजू. शिऱ्यातून वाफ निघत होती. तिने बाईजींना थांबवलं आणि झोळी पुढे करायला सांगितलं.

बाईजींनी बाळाला आशीर्वाद दिला. झोळी पुढे केली नाही. म्हणाल्या, आजची घरं झाली.

ती बाई हिरमुसली. मला राहवेना.

“कुठे झाली?” मी म्हटलं. “झोळीत तीनच घरांचं आहे. दोन रिकामी गेली.”

“गेली.”

“मग त्यांच्या बदल्यात हे घ्या ना. नियम मोडत नाही. हिशेब पाच घरांचाच राहतो.”

“बदल्यात?”

“म्हणजे त्या कुलपाऐवजी हे घर धरायचं.”

बाईजी माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदाच नीट वळल्या.

“मग कुलूप कुठे गेलं?”

...

उत्तर माझ्या जिभेवर होतं. कुठे जाणार, तिथेच आहे. पण त्याच्या आधी एक वाक्य येऊन उभं राहिलं, आणि ते मला तोंडपाठ होतं.

निवडलेली व्यक्ती न आढळल्यास जवळच्या दुसऱ्या व्यक्तीस विचारावे.

आमच्या प्रशिक्षणात हे वाक्य फळ्यावर लिहिलं होतं. सुरुवातीला मी नाक्यावरच्या दहाजणी निवडल्या होत्या. दर महिन्याला त्यांनाच विचारायचं. त्यातली एखादी दिसली नाही, तर तिच्या जागी शेजारी उभी असलेली घ्यायची. अगदी नियमाप्रमाणे. नाक्यावर शेजारी कुणी ना कुणी असतंच. त्यामुळे माझा फॉर्म कधी अपुरा गेला नाही. आमचे समन्वयक राहाटे सर बैठकीत माझं उदाहरण देत. मॅडमचं काम म्हणजे एक रकाना रिकामा नाही.

मी उलटी फिरले. देवकाच्या दारात जाऊन विचारलं, ते कुलूप कुणाच्या घराचं.

“पंचफुलाचं.”

पंचफुला त्या दहाजणींतली. उंच, कमरेला नेहमी सुती पट्टा. तिच्या जागी मी कुणाला घेतलं ते मला आठवेना. बहुतेक देवकालाच.

मग देवकाने सांगितलं, आणि मी मुक्ताला या कडेवरून त्या कडेवर घेत ऐकलं. पंचफुलाची कंबर गेली. ठेकेदाराला आता स्लॅबवर चढणाऱ्या जोड्या पाहिजेत, नवरा-बायको दोघं. त्यांना तो रोजही वाढवून देतो. एकट्या बाईला विचारत नाही, वयाच्या बाईला तर नाहीच. पंचफुला ऊन डोक्यावर येईपर्यंत उभी राहायची आणि घरी यायची. असं किती तरी दिवस. मग तिने जाणंच सोडलं. आता बसस्टँडकडे भंगार वेचते.

“अन् लेकरू?” मी विचारलं.

“पाळनाघरात ठेवते. तिथं खिचडी खाते ते, मनून तिले जाता येते. नाईतर उकिरड्यावर लेकरू घेऊन जाईन का ते?”

मी गोकर्णाबाईचं विचारलं. देवकाने हात हलवला. तिला तर कुणी पाहतही नाही, म्हणाली. नातू पाळणाघरात जेवतो. ती स्वतः कधी जेवते, कधी नाही. मग देवकाने मी न विचारता आणखी दोन-तीन नावं घेतली. सगळी मला ओळखीची होती, त्या दहाजणींतलीच.

“तुम्ही मला सांगितलं नाही कधी,” मी म्हटलं.

“तुमी इचारलंच नाई. तुमी तर मले माहा रोज इचारला. माहा तं वाढला ना.”

ती काही चिडून बोलली नाही. वांग्याच्या भाजीचं पातेलं झाकता झाकता बोलली.

...

परत येताना मुक्ता तेवढी माझ्या कानातल्याशी बोलत होती.

ज्यांचा रोज बुडाला, त्या माझ्या फॉर्ममधून गेल्या होत्या. उरलेल्यांचा रोज चढला होता. मी उरलेल्यांची सरासरी काढत होते आणि तिला नाका म्हणत होते. आणि सकाळी तर मी आकडा ओढून पाळणाघर वाचवायला निघाले होते. वाचलंही असतं कदाचित. माझ्या त्या खोट्या अहवालातही पंचफुला नव्हतीच.

मठाच्या पायरीवर बसून मी राहाटे सरांना फोन लावला.

राहाटे सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बदली व्यक्ती घेणं नियमातच आहे, त्यात तुमचं काही चुकलं नाही. आणि जी बाई नाक्यावर येत नाही ती व्याख्येनुसार नाक्यावरची मजूर नाही, तिला कसं धरणार? मी म्हटलं, मी बदल्या काढून टाकते आणि जुनी नावं परत घालते, रोज शून्य. ते म्हणाले, फॉर्म शून्य घेणारच नाही. मी म्हटलं, मग न आढळल्याची नोंद करते आणि शेऱ्यात लिहिते. ते म्हणाले, तसा अहवाल अपूर्ण दिसेल, आणि संस्थेची समिती अपूर्ण अहवाल वाचत नाही, बाजूला ठेवते. आमच्या गावाचा अहवाल बाजूला पडला तर मागच्या महिन्याची रेघ धरतील. मागच्या महिन्याचीही वरच गेलेली आहे.

वर म्हणाले, मार्चमध्ये तुमचा करार संपतो, तो वाढवा असंही मी सांगू शकणार नाही.

शेवटी अगदी मायेने म्हणाले, “मॅडम, तुम्ही जरा जास्तच मनाला लावून घेता.”

हे मला लागलं. खरं होतं म्हणून लागलं.

फोन ठेवला. बाईजींनी तोवर झोळीतलं सगळं परातीत काढलं होतं. अर्धी भाकर, ठेचा, भात, वरण, एक भाकर, वांगं. पाणी घालून त्या कालवत होत्या. लहानपणी पाहिला होता तसाच तो करडा गोळा.

परातीत फार काही नव्हतं. त्यातलाही मऊ भात त्यांनी बोटांनी वेगळा केला, फुंकर घातली आणि मुक्तापुढे धरला. मी नको म्हणायला तोंड उघडलं. पाणी कुठलं, ठेच्याचं तिखट लागलं असेल, हात धुतले का... तोवर मुक्ताने तोंड उघडलं होतं.

तिने खाल्लं. आणखी मागितलं. बाईजींनी आणखी दिलं.

“तुम्हाला पुरेल का एवढं?” मी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मग काय. आज पुरलं नाही.”

...

त्या जेवायला लागल्या. मी मोबाइल काढला.

बदल्या काढायला वेळ लागला नाही. एकेका नावापुढे फॉर्म विचारायचा, व्यक्ती आढळली का. मी ‘नाही’ दाबायचे. मग विचारायचा, बदली व्यक्ती मिळाली का. इथे माझं बोट दर वेळी सवयीने ‘हो’कडे जायचं आणि मी ते परत आणायचे. शेऱ्याच्या चौकटीत मी लिहिलं, पंचफुला, कंबर गेली, काम मिळत नाही, भंगार वेचते, मूल पाळणाघरात जेवते. गोकर्णा, कुणी नेत नाही, आज चूल पेटली नाही, नातू पाळणाघरात जेवतो. देवकाने घेतलेली बाकीची नावंही त्यांच्या खाली लिहिली. ती मी उद्या घरोघर जाऊन तपासणार होते, आणि तेही लिहिलं. चौकट भरली. पुढची अक्षरं घेईना. मी माझे ‘आणि’ खोडून जागा केली.

खाली लाल अक्षरं आली. अहवाल अपूर्ण आहे. तरीही पाठवायचा?

मी थांबले.

समिती कदाचित वाचेल. कदाचित एखादा माणूस तरी शेरा उघडून पाहील. कदाचित पाहणार नाही, जुनी रेघ धरतील आणि पुढच्या महिन्यात झोपाळा काढून नेतील. मग पंचफुला मूल घेऊन उकिरड्यावर जाईल, आणि मला करार नसल्यामुळे ते पाहायला जायचंही कारण उरणार नाही. नाहीतर सकाळचा विचार अजून हातात होता. बदल्या परत घालायच्या, रोज जरासा खाली ओढायचा, फॉर्म पूर्ण, एकही रकाना रिकामा नाही. पाळणाघर जवळजवळ नक्की राहिलं असतं. हिरव्या अक्षरांत धन्यवाद आला असता.

उन्हात स्क्रीन नीट दिसत नव्हती. मी ती पदराने पुसली. मुक्ता परातीच्या काठाला धरून उभी राहायला बघत होती. बाईजींनी एका हाताने तिला मागून आधार दिला होता आणि दुसऱ्या हाताने शेवटचा घास गोळा करत होत्या.

“बाईजी,” मी म्हटलं. “हे असं पाठवलं, तर पाळणाघर राहील ना?”

...

त्यांनी घास संपवला. परात पाण्याने विसळली आणि ते पाणीही पिऊन टाकलं.

“तेवढं एक सांगा,” मी म्हटलं. “मग मी पाठवते.”

बाईजींनी मोबाइलकडे पाहिलं. त्यांना वाचता येतं, पण इतकं बारीक अक्षर दिसत नाही. तरी बराच वेळ पाहिलं.

“राहणार नाही असं मी सांगितलं,” त्या म्हणाल्या, “तर यातलं आधी कुणाचं नाव खोडशील?”